अरबीच्या शिदोरीवर हिब्रू

हिब्रू शिकण्याचा संकल्प मी कधी सोडला नव्हता. ती भाषा माझ्या गळ्यात पडली ती एका दगडामुळे, आणि त्या दगडासमोर माझी जी फजिती झाली तिच्यामुळे.

अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर बेने इस्रायल लोकांचे एक जुने कबरस्तान आहे. पूर्वी या किनाऱ्यावर त्यांची पुष्कळ घरे होती. तेलाच्या घाण्यांवर त्यांचा चरितार्थ चाले आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावे आमच्यासारखीच, गावावरून पडलेली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. १९४८ नंतर बहुतेक घरे इस्रायलला गेली. आमच्या बाजूला जी एक-दोन घरे मागे राहिली, त्यांतल्या एका घरच्या आजींना मी लहानपणापासून ओळखतो. त्यांच्या घरात मराठीखेरीज दुसरी भाषा मी कधी ऐकली नाही.

एका दिवाळीच्या सुटीत मी घरी गेलो असता त्यांनी मला बोलावणे पाठवले. पावसाळ्यानंतर कबरस्तानातले गवत कापून घेताना दोन दगड उघडे पडले होते. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच घडणीचे. खालचा मराठी मजकुराचा भाग दोन्हींचा फुटून गेलेला. वर हिब्रू ओळी होत्या, पण नावाच्या जागी दगडाची खपली उडालेली. यांतला एक आपल्या आजोबांचा असावा असे आजींचे म्हणणे. आजोबा ‘मानमोडी’त गेले, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत. त्या वेळी आजींचे वडील सहा वर्षांचे होते. त्यामुळे दगड कोणता हेही घरात कुणाला नक्की ठाऊक नाही, आणि मृत्यूची तिथीही नाही. दरवर्षी त्या तिथीला प्रार्थना करायची असते, ती इतकी वर्षे अंदाजाने चालली होती.

“तू अरबी शिकतोस ना रे?” आजी म्हणाल्या, “ती पण उजवीकडूनच लिहितात. मग वाच बघू हे.”

मला हिब्रू लिपी जेमतेम ओळखू येत होती. अरबीच्या एका व्याकरणग्रंथाच्या अखेरीस सेमिटिक लिप्यांचा तक्ता होता, तो मी हौसेने गिरवला होता. पहिल्या दगडावर खपली उडालेल्या जागेनंतरचा पहिला शब्द मी अक्षर लावून वाचला: न, फ, त, र. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फ-त-र! ईद-उल-फित्रमधला फित्र, रोजा सोडण्याचा इफ्तार! मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “आजी, यात उपास सोडल्याबद्दल काहीतरी लिहिलं आहे.”

आजींनी माझ्याकडे पाहिले. “अरे बाबा, मेल्या माणसाच्या दगडावर उपासाचं कोण लिहील?”

दगडाचे छायाचित्र मोबाईलमध्ये घेऊन मी वसतिगृहावर परतलो आणि ग्रंथालयात हिब्रूचा कोश व व्याकरण शोधू लागलो. आमच्या अरबीच्या सरांनी त्यांच्याजवळचे एक जुने पुस्तक दिले. शिकवणारे कुणी नव्हते. जे काही शिकलो ते स्वतःच, चुका करीत. म्हणून हा लेख भाषाशास्त्राच्या अधिकाराने लिहिलेला नाही. अरबीची शिदोरी घेऊन हिब्रूच्या वाटेला लागलेल्या एका विद्यार्थ्याचा हा जमाखर्च आहे.

आधी लिपी. इथे एक गंमत झाली. लहानपणी मक्तबात आमच्या मौलवीसाहेबांनी नेहमीच्या अलिफ-बे-तेबरोबर आणखी एक क्रम पाठ करून घेतला होता: अब्जद, हव्वज, हुत्ती, कलमन, सअफस, करशत. त्याचा अर्थ काय, हे विचारायची छाती नव्हती. हिब्रूची वर्णमाला उघडली आणि पाहतो तो तीच माळ! आलेफ, बेत, गिमेल, दालेत म्हणजे अब्जद. हे, वाव, झायिन म्हणजे हव्वज. असे करीत शेवटच्या करशतपर्यंत, कोफ, रेश, शीन, ताव. बावीस अक्षरे, एकही जागा चुकलेली नाही. अरबीने पुढे आणखी सहा अक्षरे जोडली, आणि शाळेत शिकवायचा क्रम आकारांच्या सारखेपणावरून नव्याने लावला. जुना क्रम मात्र अंकांसाठी जपून ठेवला. या क्रमातल्या प्रत्येक अक्षराला किंमत असते. त्या किमतींच्या बेरजेनेच बिस्मिल्लाचे ७८६ होतात, जे आपण ट्रकच्या कपाळावर पाहतो. हिब्रूतही किमती त्याच आहेत. या गोष्टीचा मला पुढे उपयोग व्हायचा होता, पण तेव्हा मी नुसता खूष झालो.

अक्षरे जोडायची नसतात, सुटी चौकोनी लिहायची, म्हणून अरबीवाल्याला लिपी सोपी वाटते. फसगत होते ती जुळ्या अक्षरांत. दालेत आणि रेश यांत फरक एवढाच की एकाचा कोपरा टोकदार, दुसऱ्याचा गोल. बेत आणि काफ यांचेही तसेच. पावसाने झिजलेल्या दगडावर कोपरा कसला आणि गोलाई कसली! अरबीत नुक्ते मोजायची सवय लागलेली नजर इथे कोपरे पाहायला शिकवावी लागते. स्वरचिन्हे अरबीपेक्षा जास्त आहेत, पण अरबीसारखीच ती बहुधा लिहीतच नाहीत. ज्याने बिनमात्रांची अरबी वाचली आहे त्याला याची भीती वाटत नाही. इंग्रजीतून हिब्रूकडे येणारा नेमका इथेच घाबरतो म्हणे.

आता खरा ऐवज. अरबी आणि हिब्रू सख्ख्या नसल्या तरी जवळच्या बहिणी आहेत. त्यांच्या शब्दांतले फरक मनाला येतील तसे पडलेले नाहीत, ते नियमाने पडले आहेत. हे नियम पाच-सहाच, पण ते हाती आले की बंद कुलपे भराभर उघडतात. ज्यांना अरबी येत नाही त्यांनीही कंटाळू नये, कारण अरबीचे कितीतरी शब्द आपल्या मराठीत फार्सीच्या मार्गाने येऊन बसले आहेत आणि तेवढ्या भांडवलावरही हा खेळ खेळता येतो.

अरबीत जिथे ‘स’ असतो तिथे हिब्रूत पुष्कळदा ‘श’ येतो. सलामचा होतो शालोम. आपण ‘सन १९१८’ लिहितो त्यातला सन अरबी ‘सनत’चा, हिब्रूत वर्ष म्हणजे ‘शाना’. वाण्याचा हिशेब हिब्रूत ‘हेश्बोन’ होतो. याच्या उलट अरबी ‘श’च्या जागी हिब्रूत ‘स’: दहाला अरबीत ‘अशर’, हिब्रूत ‘एसेर’. दुसरा नियम दीर्घ ‘आ’चा. अरबीतला दीर्घ आ हिब्रूत बहुधा ‘ओ’ होतो: नकारार्थी ‘ला’ तिथे ‘लो’, लिहिणारा ‘कातिब’ तिथे ‘कोतेव’. तिसरा, शब्दारंभीच्या ‘व’चा ‘य’. सातबाऱ्यावर किंवा जुन्या खरेदीखतात ‘अमुक वलद अमुक’ असे असते. त्यातला वलद म्हणजे मूल; हिब्रूत ‘येलेद’. आणि अरबीत एक तीन टिंबांचा ‘से’ आहे, ज्याचा खरा उच्चार जीभ दातांत धरून करायचा; त्याच्या जागी हिब्रूत ‘श’: तीन म्हणजे अरबीत ‘सलासा’ (तिन्ही टिंबांचाच), हिब्रूत ‘शालोश’.

हे तीन-चार नियम पाठ केल्यावर मी आपला सहज ‘वारिस’ हा शब्द घेतला. हाच मराठीतला वारस. व चा य केला, दीर्घ आ चा ओ केला, तीन टिंबांच्या स चा श केला. कागदावर उतरले ‘योरेश’. कोश उघडला. योरेश: वारस, वारसा घेणारा. त्या रात्री वसतिगृहात मला कुणाशी तरी हे बोलावेसे वाटत होते, पण खोलीतले मित्र झोपले होते. गणिताच्या विद्यार्थ्याला उत्तर जुळल्यावर जे वाटत असेल ते मला भाषेच्या बाबतीत प्रथमच वाटले.

आणखी एक सांगतो. अरबीतल्या ‘ज़ाल’चा शुद्ध उच्चार द आणि ध यांच्यामधला, दातांतून काढायचा. आपल्याकडे तो सरसकट ‘झ’ होतो, आणि म्हणून आमच्या सरांची बोलणी आम्ही नेहमी खातो. हिब्रूत त्या अक्षराचा खरोखरच झ झालेला आहे! सोने अरबीत दहब, आमच्या कोकणी तोंडात झहब, आणि हिब्रूत झाहाव. अज्ञानाचा असाही फायदा होतो. ‘ज़ाद’ या अक्षराचे मात्र तसे नाही. त्याचा हिब्रूत ‘त्स’ होतो. जमीन ती अरबीत ‘अर्द’, हिब्रूत ‘एरेत्स’. आपण एखाद्या गोष्टीला ‘राजी’ होतो, त्या राजीचे हिब्रू भावंड म्हणजे ‘रात्सोन’, इच्छा.

अर्थात नियम म्हणजे यंत्र नव्हे. सूर्य अरबीत शम्स. नियमाने हिब्रूत ‘सेमेश’ व्हायला हवा, पण आहे शेमेश. दोन भाषा शेजारी नांदल्या की एकमेकींकडून उसनवारीही चालते. अर्वाचीन काळात हिब्रू पुन्हा बोलती करण्यासाठी झटलेले एलिएझर बेन येहुदा (१८५८-१९२२) यांनी नव्या शब्दांसाठी अरबीकडे हात पसरायला संकोच केला नाही. फळे साखरेत शिजवून करतात त्या पदार्थाला त्यांनी ‘रिबा’ शब्द बनवला तो अरबी ‘मुरब्बा’वरून. म्हणजे आपला मुरंबाच. आणि दिनांकाला हिब्रूत म्हणतात ‘ताआरिख’. तारीख! हा शब्द कोशात सापडला तेव्हा मला आजींचा दगड आठवला, आणि थोडी लाजही वाटली, कारण मुरंब्याच्या नादात दगड बाजूलाच राहिला होता.

व्याकरणाच्या बाबतीत अरबीवाला घरच्यासारखा वावरतो. तीन व्यंजनांचा धातू, त्याला निरनिराळ्या साच्यांत ओतून शब्द काढायचे, ही रीत दोन्हींकडे एकच. एवढेच नव्हे, अरबी वैयाकरण नमुन्यासाठी जसा फ-अ-ल हा धातू घेतात तसाच हिब्रूवाले प-अ-ल घेतात. हा योगायोग नाही. मध्ययुगात हिब्रूचे व्याकरण ज्यांनी बांधले ते ज्यू पंडित अरबी मुलखात वाढलेले, अरबीत लिहिणारे होते. उत्तर आफ्रिकेतल्या ताहर्तच्या यहुदा इब्न कुरैशने हिब्रू, अरामी आणि अरबी शब्दांची तुलना करणारा निबंध पत्ररूपाने लिहिला. दहाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्डोव्यात यहुदा हय्यूजने दाखवून दिले की हिब्रूतले जे धातू एक-दोन अक्षरी दिसतात तेही मुळात तीन अक्षरीच आहेत. ही दृष्टी त्याला अरबी व्याकरणानेच दिली. अकराव्या शतकात इब्न जनाहने त्यावर कळस चढवला. मैमोनिदेसचा (११३८-१२०४) तत्त्वज्ञानावरचा मोठा ग्रंथ अरबीतच आहे, हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या अरबीत. त्याच्या नावातला पहिला शब्द ‘दलालत’, म्हणजे वाट दाखवणे. आपल्या बाजारातला दलाल त्याच धातूचा, पण तो कोणती वाट दाखवतो हे ज्याचे त्याने ठरवावे.

या माणसांची नावे कळल्यावर माझ्यावरचे एक ओझे उतरले. ‘अरबी शिकलास ते ठीक, पण हिब्रू कशाला?’ असे मला घरी एका वडीलधाऱ्यांनी विचारले होते. वसतिगृहात एकाने तोच प्रश्न उलट बाजूने विचारला. दोघांच्याही मनात वर्तमानपत्रांतल्या बातम्या होत्या, आणि त्या बातम्या खोट्या नाहीत. पण या दोन भाषा हजार वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या एकाच वहीत शेजारी शेजारी नांदल्या, हेही खोटे नाही.

अरबीपेक्षा हिब्रू काही बाबतींत फार दयाळू आहे. अरबीत नामाच्या अखेरीस विभक्तीचे स्वर सांभाळताना जीव मेटाकुटीस येतो. हिब्रूत ते नाहीतच. त्याहून मोठी सुटका अनेकवचनाची. अरबीत किताबचे कुतुब, वलदचे औलाद, प्रत्येक नाम आतून मोडून पाठ करावे लागते. हिब्रूत पुल्लिंगाला बहुधा ‘ईम’, स्त्रीलिंगाला ‘ओत’ लावले की काम झाले. येलेदचे येलादीम. अपवाद आहेत, पण ते घरातले. बाप हा शब्द पुल्लिंगी असून त्याचे अनेकवचन ‘आवोत’. अलिबागच्या सिनेगॉगचे नाव ‘मागेन आबोथ’ आहे, त्यातले आबोथ हेच: पूर्वजांची ढाल. मुंबईत १७९६ साली बेने इस्रायलांनी बांधलेले ‘शआर हारहमीम’ घ्या. शआर म्हणजे दार. हा आपल्या ‘अल’सारखा निश्चिततादर्शक ‘हा’. आणि रहमीम म्हणजे दया, आपला रहम. दयेचे द्वार. ‘राजाचे घर’ या मराठी क्रमाच्या उलट, ‘घर राजाचे’ असा क्रम अरबीत आणि हिब्रूत सारखाच असतो. बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मराठीत ‘मशीद’च म्हणत आले.

बायबलच्या हिब्रूतले एक कोडे मात्र बरेच दिवस सुटेना. ‘तो म्हणाला’ असा अर्थ असतो आणि क्रियापदाचे रूप दिसते ‘तो म्हणेल’चे, मागे ‘व’ लावलेला. व्याकरणात याची लांबलचक चर्चा होती. मला ते उमगले अरबीच्या ‘लम’वरून. अरबीत ‘लम’नंतर क्रियापद वर्तमान-भविष्याच्या रूपात येते पण अर्थ भूतकाळाचा असतो: त्याने म्हटले नाही. म्हणजे जुन्या सेमिटिक भाषेत हे रूप भूतकाळासाठीही चालत असावे आणि त्याची एक खूण अरबीने नकारात जपली, हिब्रूने ‘व’च्या मागे. इथे अरबीने मला खांद्यावर उचलून नदी पार करवली.

पण हीच अरबी मध्येच पाय ओढते, आणि स्वतः शिकणाऱ्याला सावध करायला शेजारी कुणी नसते. ‘लेहेम’ म्हणजे अरबी ‘लह्म’, अक्षरन् अक्षर तेच. पण लह्म म्हणजे मांस आणि लेहेम म्हणजे भाकरी. बहुधा दोन्हींच्या मुळाशी ‘मुख्य अन्न’ हा अर्थ. मग ज्याला जे मिळाले ते. हिब्रूत ‘आमर’ म्हणजे म्हणाला. अरबीत ‘अमर’ म्हणजे हुकूम केला. हिब्रूत ‘हालाख’ म्हणजे गेला. अरबीत ‘हलक’ म्हणजे नाश पावला. (मराठीतला हलाखी शब्द याच कुळातला.) अरबी कोशकार एक गोष्ट सांगतात. येमेनमधल्या हिम्यरच्या राजाकडे उत्तरेकडचा एक अरब गेला. राजा उंच जागी बसला होता. तो पाहुण्याला म्हणाला, “सिब.” हिम्यरी बोलीत याचा अर्थ बस. पाहुण्याच्या अरबीत त्याचा अर्थ उडी मार. आज्ञाधारक माणूस, त्याने कड्यावरून उडी टाकली. आता गंमत अशी की या धातूला वर सांगितलेले नियम लावले, व चा य आणि तीन टिंबांच्या स चा श, तर हिब्रू ‘याशव’ हाती येतो, आणि त्याचा अर्थ ‘बसला’ असाच आहे. बिचाऱ्याला हिब्रू येत असती तर वाचला असता.

मी दोन वह्या केल्या. एकीत अर्थासकट जुळणारे शब्द, दुसरीत तोतये. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला तसे हे शब्द, चेहरा हुबेहूब आणि माणूस निराळा. स्वतः शिकणाऱ्याला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: दुसरी वही आधी भरा. पहिली आपोआप भरते. नियमाने शब्द ओळखला की अर्थही कळला असे वाटते, आणि कोश उघडायचा आळस होतो. ओळख पटणे वेगळे, अर्थ कळणे वेगळे.

तोतयांच्या वहीत पहिला शब्द अर्थातच तो दगडावरचा. निफतार. अरबीत ‘इन्फअल’ असा न-पूर्वक साचा आहे, तसाच हिब्रूत ‘निफआल’. क्रिया आपल्या ठायी घडली असे तो सांगतो. धातू प-त-र. अरबी फ-त-रचा मूळ अर्थ फोडणे, उघडणे. त्यावरून रोजा ‘फोडणे’. हिब्रूत उघडण्यावरून अर्थ सरकला तो मोकळे करणे, सोडणे याकडे. निफतार म्हणजे जो मोकळा झाला, सुटला तो. मराठीत दुखणेकरी गेल्यावर आपण काय म्हणतो? ‘सुटला बिचारा.’ जिथे अरबीने मला इफ्तारच्या ताटावर नेऊन बसवले, तिथे मराठीत नुसता कान दिला असता तर अर्थ उंबऱ्यातच होता.

एवढी तयारी झाल्यावर मी छायाचित्र पुन्हा काढले. ओळीच्या शेवटी पाच अक्षरांचा एक शब्द होता, त्याचा धातू शोधण्यात मी चार दिवस घालवले. तो शब्दच नव्हता. पाच शब्दांची आद्याक्षरे होती. मृताचा जीव जीवनाच्या गाठोड्यात सुरक्षित राहावा अशा अर्थाची प्रार्थना ज्यू कबरींवर या पाच अक्षरांत लिहिण्याचा प्रघात आहे. त्यातला जीव म्हणजे ‘नेफेश’, आपला नफ्स. मधला मजकूर असा लागला: निफतार, सहाव्या दिवशी, हेश्वान महिन्याच्या योद-बेतला, सन ताव-रेश-आयिन-तेत. तिसऱ्या अक्षराआधीचे ते दालेत की रेश, हे कोपऱ्यावरून सांगता येईना. पण अंक लिहिताना मोठ्याकडून लहानाकडे जायचे असते. चारशेनंतर चार आणि मग सत्तर असे कुणी लिहिणार नाही, म्हणून ते रेश. मग मौलवीसाहेबांचा अब्जद उपयोगी पडला. योद दहा, बेत दोन: तिथी बारावी. ताव ४००, रेश २००, आयिन ७०, तेत ९: बेरीज ६७९. पाच हजार अध्याहृत असतात, म्हणजे ज्यू सन ५६७९. व्याकरणाच्या पुस्तकात सूत्र होते: लहान आकड्यात १२४० मिळवा. उत्तर आले १९१९.

दुसऱ्या दगडावरचे सन पार पुसलेले होते. मी आजींना फोन करून सांगितले की पहिला दगड मानमोडीच्या वर्षाचा नाही, पुढच्या वर्षाचा आहे; तेव्हा आजोबांचा तो दुसराच असणार. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बरं झालं बाबा, कळलं. त्या दुसऱ्यावर तर काहीच उरलं नाही.”

ही माझी दुसरी चूक, आणि तिचे मूळही मी जी शिदोरी बांधून निघालो होतो तिच्यातच होते. हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचे. मोहरम कधी पावसात येतो, कधी उन्हाळ्यात. महिन्याचा ऋतूशी संबंध नाही, म्हणून महिना पाहून वर्षाचा अंदाज बांधायची मला सवयच नव्हती. ज्यू महिनेही चंद्राचेच, पण ते आपल्या हिंदू पंचांगाप्रमाणे अधिक महिना धरतात, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे त्यांचा प्रत्येक महिना आपल्या ऋतूत राहतो. वर्ष सुरू होते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आणि हेश्वान हा त्यातला दुसराच महिना. म्हणजे हेश्वान ५६७९ येतो तो जानेवारी १९१९ च्या आधी. १२४० नव्हे, या महिन्याला १२३९ मिळवायचे. ही गोष्ट मला आठवड्याने, दुसरेच प्रकरण वाचताना कळली.

पुन्हा मांडणी केली. ते वर्ष ७ सप्टेंबर १९१८ रोजी सुरू झाले. तिश्रीचे तीस दिवस धरले की हेश्वानची पहिली ७ ऑक्टोबरला, आणि बारावी १८ ऑक्टोबर १९१८ ला. वार काढला तर शुक्रवार, म्हणजे दगडावरचा ‘सहावा दिवस’ही जुळला. मानमोडीने मुंबई इलाख्यात कहर केला तो याच महिन्यात.

या वेळी मी फोन केला नाही. शनिवारी त्यांचा शब्बाथ असतो म्हणून रविवारी गावी गेलो. आजींना सर्व मांडून दाखवले, माझी चूक कुठे झाली तेही सांगितले. त्यांना अब्जद आणि १२३९ यांत काही रस नव्हता. “शुक्रवार म्हणालास?” एवढेच त्यांनी विचारले. मग म्हणाल्या, “बाबा सांगायचे, आजोबांना दिवे लागायच्या आत न्यायची घाई चालली होती, आईला नीट बघूही दिलं नाही. आम्हांला वाटायचं साथीची भीती. तो शब्बाथ लागत होता होय!”

निफतारचा अर्थ मी सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “सुटले म्हणायचं. उपास सोडला असंही म्हण पाहिजे तर.” आणि हसल्या.

मग त्यांनी भिंतीवरचे कालनिर्णय उतरवले आणि यंदा बारावी हेश्वान कधी येते ते त्यावर लिहून द्यायला सांगितले. दिवस मोजून चौकट शोधली. ‘आजोबा’ हे मी डावीकडून मराठीत लिहिले आणि तिथी उजवीकडून हिब्रूत. चौकट लहान, दोन्ही मजकूर मध्ये एकमेकांवर चढले. आजींनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, “असू दे. मला दिसतंय.”